पालथी करवंटी

दागुयान, ६ मार्च २०२५

दालुनाग,

तुझी मुलगी माझ्या घरात झोपली आहे. भरदुपारी, तोंड उघडं टाकून, तू झोपायचास तशी. तबुकपासून पाच तास जीपच्या टपावर बसून आली, आत जागा असताना. उतरल्यावर पहिलं वाक्य बोलली, "तुम्ही उगाय ना? माझ्या डॅडचं नाक तुमच्याकडे आहे." नाक आधी माझं होतं, त्याच्याकडे सात वर्षांनी गेलं, हे मी तिला तिथेच सांगून टाकलं.

तुला तिने बँकॉकला मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं आहे म्हणे. खोटं बोलण्याचा गुण आपल्या घराण्यातलाच, त्यामुळे रागावू नकोस.

बावीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. इना, आपली आई, गेली तेव्हासुद्धा चुलतभावाकडून कळवलं. आताही लिहिलं नसतं, पण मुलगी कुठे आहे हे बापाला ठाऊक असावं. फोन करत नाही, कारण तुझा आवाज ऐकला की मी काय बोलेन याचा मला भरवसा नाही. कागदावर निदान खोडता येतं.

तुझ्या मरिएलला आपली भाषा चार वर्षांच्या पोरीइतकी येते, शिव्या मात्र मोठ्या माणसाच्या येतात. म्हणजे कॅनडातल्या विनिपेगच्या घरात तू आपल्या भाषेत फक्त रागावतोस. तुझ्या कपाटात तिला इनाचं लाल कापड सापडलं, मणी लावलेलं. हे काय म्हणून विचारलं तर तू म्हणालास, काही नाही, जुनं आहे. मग ती ते "काही नाही" घेऊन इथवर आली. कमरेला गुंडाळायचं कापड गळ्यात मफलरसारखं बांधून उतरली, तर दुकानासमोर बसलेल्या बायकांची हसून हसून कॉफी सांडली. त्यातल्याच एकीने मग तिला घरात नेऊन ते नीट नेसवलं आणि बाहेर आल्यावर तिचे डोळे ओले होते. म्हणाली, चालतेसुद्धा तान्नावसारखी. आपल्या इनाचं नाव बऱ्याच दिवसांनी कोणी असं मोठ्याने घेतलं.

आता कामाचं. एप्रिल उजाडायच्या आत सुमालंग गावाशी केलेला आपला शांततेचा करार पुन्हा तापवायचा, म्हणजे नव्याने पक्का करायचा आहे. तुला आठवत असेलच, तरी लिहिते, कारण तू विसरायचा बराच प्रयत्न केला आहेस. असा करार, बोदोंग, गावांमधला असला तरी असतो माणसांच्या नावावर. सुमालंगकडून आपो गुमिलाब, इकडून आपले वडील, आमा. त्यांचा माणूस आपल्या गावात आला तर त्याच्या केसाला धक्का लागणार नाही, ही आमांची जबाबदारी. आपला तिकडे गेला तर गुमिलाबांची. आमांनी मरताना कराराची खूण म्हणून भाला तुझ्या हातात दिला आणि तू तो भिंतीला टेकवून ठेवून विमानात बसलास. तेव्हापासून मी सांभाळते आहे, पण नाव तुझंच आहे. मी नुसती राखणदार. मला मूलबाळ नाही, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, एकसष्ट पुरी केली. गुमिलाब बहात्तर वर्षांचे आहेत आणि एका डोळ्याने बघतात. त्यांनी निरोप पाठवला आहे: माझ्यानंतर माझा मुलगा आहे, उगायनंतर कोण?

उत्तर नसेल तर करार त्यांच्या बाजूने तुटेल. आपली एकतीस मुलं रोज सुमालंगच्या हायस्कुलात जातात. करार तुटला तर दुसऱ्या दिवसापासून एकही आई मुलाला त्या वाटेवर पाठवणार नाही, आणि मीही पाठवा म्हणणार नाही.

हे मी तुला मदत मागायला लिहीत नाही. तू माझ्या घरातून पाणी न पिता गेलास, हे सगळ्या गावाला माहीत आहे. तुझी मुलगी खुशाल आहे एवढंच सांगायचं होतं.

उगाय


दागुयान, १७ मार्च

दालुनाग,

पहिलं पत्र तुला अजून मिळालं नसणार. पण मुलीने टेकडीवर चढून फोन केला आणि तू ओरडायच्या ऐवजी गप्प झालास, असं तिने सांगितलं. ठीक आहे. राहू दे तिला.

तुझी ही पोरगी चिवट आहे. खाचराच्या बांधावरून चालताना पहिल्या दिवशी तीनदा चिखलात गेली. चौथ्या दिवशी डोक्यावर रताळ्याची टोपली घेऊन पलीकडे पोचली आणि वळून माझ्याकडे अशी बघायला लागली की मला मुद्दाम दुसरीकडे बघावं लागलं. कौतुक तोंडावर केलेलं आपल्याकडे चालत नाही, म्हणून तुला लिहिते. हिरव्या मिरच्या घातलेल्या गोगलगाई खाल्ल्या, नाकातून पाणी आलं, तरी पुन्हा वाढून घेतल्या. प्रत्येक शब्द वहीत लिहिते. म्हाताऱ्या बायका तिला मुद्दाम चावट शब्द शिकवतात आणि ती ते गंभीरपणे सगळ्यांना म्हणून दाखवते.

तिच्याजवळ एक निळी धातूची बाटली असते, बाहेर चिकटवलेली चित्रं आणि आत गाळणी. वाटेत बोंतोकला दोन दिवस पोट बिघडलं होतं, तेव्हापासून तेच पाणी पिते. मी काही बोलले नाही. घरात कॉफीच जास्त होते, ती उकळलेली असते, ती घेते.

दिवसा मी तिला शिकवते. नाचताना हात कधी पसरायचे, वडीलधाऱ्यांसमोर कुठून वाकून जायचं, कोणते मणी कोणत्या आजीचे. ती विचारत राहते. काल म्हणाली, आंती, माझ्या आजोबांची गोष्ट सांगा. मी मिठाची गोष्ट सांगितली.

तू तेव्हा सात वर्षांचा होतास, तुझ्या लक्षात अर्धीच असेल. मी चौदाची होते. सुमालंगशी तेव्हा करार नव्हता. त्यांच्यातल्या कोणीतरी त्याच आठवड्यात आपल्या माणसाला नदीवर भोसकलं होतं, आणि गुमिलाब, पंचवीस वर्षांचा जवान माणूस, मीठ विकत महिनाभर फिरून परतत होता. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. आमा शेतावर होते. त्याने आपल्या घराच्या शिडीखाली उभं राहून वाट विचारली. घामाने निथळत होता. मी करवंटीत पाणी भरून त्याच्या हातात दिलं. तो प्याला. तेवढ्यात आपलीच माणसं कुऱ्हाडी घेऊन आली.

आमा धावत आले ते सरळ शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. हातात काही नव्हतं. म्हणाले, "माझ्या मुलीने त्याला पाणी पाजलं. आता तो माझा आहे." काका म्हणाला, पोरीला काय कळतंय. आमा म्हणाले, "कोणाच्या हातून, कळून की न कळता, हे विचारायचं नसतं. पाणी दिलं गेलं." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथून हलले नाहीत. भाऊबंद शिव्या देत समोर बसले होते आणि आमा त्यांनाच रताळी वाटत होते. मग त्याला पुढे घालून डोंगराच्या माथ्यापर्यंत पोचवून आले. त्यानंतर तीन महिन्यांनी करार झाला. मी आयुष्यात पुष्कळ माणसं पाहिली, पण रिकाम्या हाताने पायरीवर बसलेल्या त्या माणसाइतकं मोठं कोणी पाहिलं नाही.

मरिएलला मात्र मी पाण्याचं सांगितलं नाही. तेवढं गाळलं. त्यामुळे गोष्ट लंगडी झाली. तिने पेन थांबवून विचारलं, पण आजोबांनी त्याला का वाचवलं? मी म्हटलं, आजोबा चांगले होते. तिने ते लिहून घेतलं, पण तिचं समाधान झालं नाही.

पाण्याचं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न तुझा आला असता. डॅड या घरातून कसे निघाले? ते मला तिला सांगायचं नव्हतं. असू दे.

उगाय


दागुयान, २९ मार्च

दालुनाग,

 हे आजच लिहायला हवं.

परवा आम्ही सुमालंगला गेलो. साठेक माणसं, पुढे आपो पानाबांग आपली काठी टेकत, मागे गाँगवाले, त्यांच्यामागे उसाची दारू आणि दोन डुकरं. पानाबांग आपल्या गावात आता सगळ्यात वडील आहेत आणि त्यांना ते क्षणभरही विसरता येत नाही. मरिएलने इनाचं कापड नेसलं होतं, गळ्यात माझे मणी होते. वाटेत तिने मला विचारलं, मी काही चुकले तर? मी म्हटलं, तू फक्त माझ्यामागे राहा.

गुमिलाबांच्या अंगणात गाँग वाजत होते. आम्ही घरात शिरलो. त्यांची सून दारात करवंट्यांचं तबक घेऊन उभी होती. पानाबांग प्याले. मी प्याले. माझ्यामागे मरिएल. सुनेने करवंटी पुढे केली आणि तुझ्या मुलीने छातीवर हात ठेवून, गोड हसून, निळी बाटली वर करून दाखवली. म्हणाली, "नको, थँक यू. माझं आहे माझ्याकडे."

आधी तबक थांबलं, मग घर, मग अंगणातले गाँग एकेक करून बंद पडले. सुनेने करवंटी मागे घेतली. सुमालंगच्या तरुणांपैकी एक जण शांतपणे म्हणाला, "दागुयानने बाई आणली ती पाणी नाकारायला आणली का?" दुसरा म्हणाला, "मग करार तापवायला लाकडं कशाला आणलीत, विझवायला पाणी आहे की तुमच्याकडे." कोणी हसलं नाही. पानाबांगांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं मी तिला शिकवलं असेल. मी तिला सगळं शिकवलं होतं रे. हात कुठे पसरायचे, कुठून वाकायचं. एवढं एकच सोडलं होतं.

मरिएल माझ्या कानाशी म्हणाली, "आंती, मी काय केलं?"

आपो गुमिलाब भिंतीजवळ चटईवर बसले होते. एका डोळ्याने तिच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "ती बाटली इकडे आण."

ती गेली, त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली, बाटली दोन्ही हातांनी दिली. त्यांना झाकण उघडेना. इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, दाताने ओढलं. दातही आता मोजकेच आहेत. शेवटी तिनेच हात पुढे करून खटका दाबला, झाकण उघडलं आणि बाटली त्यांच्या तोंडाशी धरली. ते प्याले. बराच वेळ प्याले. मिशी पुसली.

म्हणाले, "चव काही नाही याला. पण पाणी आहे."

मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "हिने मला स्वतःच्या हाताने पाजलं, सगळ्यांनी बघितलं. आता मी हिचा पाहुणा. घर माझं असलं म्हणून काय झालं? उगायच्या हातचं पाणी मी एकदा प्यालो, त्याला सत्तेचाळीस वर्षं झाली. अजून मरायचं नाव नाही. आता हिच्या हातचं पिऊन बघू किती टिकतो ते."

आधी त्यांची सून हसली, तोंडावर हात ठेवून, मग रडली. मग घर मोकळं झालं. गुमिलाबांनी करवंटी मागवली, मरिएलच्या हातात दिली आणि म्हणाले, "पोट बिघडलं तर माझ्या नावाने शिव्या दे, म्हणे तुला येतात." ती प्याली. एक पिऊन दुसरी मागितली, घाईत अर्धी इनाच्या कापडावर सांडली. बाहेर गाँग सुरू झाले ते संध्याकाळपर्यंत थांबले नाहीत.

जेवताना गुमिलाबांनी तिला मिठाची गोष्ट पुरी सांगितली, पाण्यासकट. ती ऐकत होती आणि मधूनच माझ्याकडे बघत होती. घरी परतताना डोंगरावर तिने विचारलं, "आंती, तुम्ही पाण्याचं का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, विसरले. सत्तेचाळीस वर्षं विसरले नाही ती गोष्ट मी विसरले म्हटलं, आणि तिने मानही डोलावली.

करार पुढे चालू राहिला आहे. आपल्या बाजूने कोण, या प्रश्नाला गुमिलाबांनीच उत्तर दिलं. म्हणाले, ज्या बाईने आज मला पाणी पाजलं ती. लांब राहते हे खरं, पण बोलावलं की आली पाहिजे, आणि तोवर उगाय आहे. मरिएलने सगळं समजून घेतलं, दोनदा उलटसुलट प्रश्न विचारले, आणि हो म्हणाली. कोणाच्या भिडेने नव्हे. तिचा तो चेहरा तू बघायला हवा होतास.

उगाय


दागुयान, १ एप्रिल

दालुनाग,

पानाबांग आणि इतर वडीलधारे काल माझ्या ओट्यावर बसले. त्यांनी ठरवलं ते असं. करार तुझ्या नावावर आहे, म्हणून भाला तुझ्याच हातातून मरिएलच्या हातात गेला पाहिजे. मला तो देता येत नाही. कापणीच्या आत तू यायला हवं. आणि येण्याआधी बहिणीच्या घरचं पाणी नाकारल्याबद्दल गावाला एक डुक्कर द्यायला हवं, त्याशिवाय तुला या गावात कोणी पाणी देणार नाही.

मरिएलने टेकडीवरून तुला फोन केला. परत आली ती नाचतच. म्हणाली, "डॅड येणार आहेत. डुक्कर देतो म्हणाले. आणि म्हणाले, घाबरू नकोस, मीही तेच केलं होतं. तुझ्या आंतीच्या घरातून पाणी न पिता निघालो होतो."

तू असं म्हणालास तिला?

पुढे लिहवत नाही.


दागुयान, ८ एप्रिल

दालुनाग,

आता न खोडता लिहिते.

जुलैचा महिना होता, आमांना पुरून दहा दिवस झाले होते. सकाळची वेळ. तू शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभा राहिलास, पिशवी खांद्याला. मोठ्या बहिणीला म्हणतात तसं म्हणालास, "मनांग, निघतो." मी चुलीपाशी होते. चूल पेटलेली होती, तरी मी फुंकत राहिले. दाराशी पाण्याचा रांजण होता आणि त्यावर करवंटी पालथी ठेवलेली होती. तू तिच्याकडे बघितलंस. बघताना मी तुला बघितलं. रस्त्यावरून जीपने हॉर्न दिला. तू तसाच उभा. दुसऱ्यांदा दिला. मग तू उतरलास.

मी पाणी दिलं नाही. तू नाकारलं नाहीस. माझ्या हातापासून रांजण दोन हातांवर होता.

शेजारणीने विचारलं, प्याला का तो? मी म्हटलं, नाही प्याला. शब्दाने खोटं नव्हतं. बाकीचं गावाने रचलं आणि मी ते रचू दिलं. बावीस वर्षं ऐकत राहिले: दालुनाग कॅनडाला गेला आणि बहिणीच्या घरचं पाणी त्याला घाण वाटायला लागलं. मी मान खाली घालायची आणि लोक समजायचे की दुःखाने घातली आहे. इना मरेपर्यंत मधूनच विचारायची, "त्याला तहान लागली नव्हती का गं?" मी म्हणायचे, नसेल. ती तशीच गेली. याची क्षमा तुझ्याकडे मागून उपयोग नाही, ती तिच्याकडे मागायची होती.

का केलं तेही लिहिते. तो करार मला हवा होता. गुमिलाबला पाणी मी दिलं होतं. आमांनी आयुष्यभर ती गोष्ट सांगितली, माझं नाव घेऊन सांगितली, आणि भाला मात्र तुझ्या हातात दिला. मला विचारलंसुद्धा नाही. तो तू भिंतीला टेकवलास, छत्री टेकवावी तसा. मला इतका राग आला की जी गोष्ट मी चौदाव्या वर्षी अनोळखी माणसासाठी केली ती सख्ख्या भावासाठी केली नाही. पाण्याची किंमत या गावात माझ्याइतकी कोणाला ठाऊक नव्हती, आणि मीच ते अडवलं.

म्हणूनच मरिएलला मी ते शिकवलं नाही. माझ्या एका खोट्यापायी ती त्या घरात तशी उघडी पडली. एकतीस मुलांची वाट बंद झाली असती.

आणि हे सगळं असताना तू म्हणतोस, डुक्कर देतो. स्वतःच्या मुलीलासुद्धा तू खरं सांगितलं नाहीस. तिथे, जिथे आपल्या गावचं नावही कोणाला ठाऊक नाही, जिथे सांगितलं असतंस तर माझं काहीही बिघडलं नसतं, तिथेही तू माझी चूक स्वतःवर घेतलीस. मला वाटायचं, करार सांभाळते ती मी. तू भाला टेकवून गेलास खरा, पण आमा ज्यासाठी त्या पायरीवर बसले होते ते बावीस वर्षं तू करत होतास, आणि तेही माझ्यासाठी. हे मला सांगायला लाज वाटते आणि अभिमानही वाटतो. दोन्ही तुझ्याबद्दलच्या गोष्टी आहेत, म्हणून दोन्ही लिहिल्या.

परवा मी पानाबांगांच्या ओट्यावर गेले. सगळे वडीलधारे कॉफी पीत होते. उभ्यानेच सांगितलं, जसं वर लिहिलं आहे तसं. मग पानाबांग म्हणाले, "बावीस वर्षं त्याला शिव्या दिल्या. आता त्या परत कशा घ्यायच्या?" दुसरे कोणी म्हणाले, उगायला द्या, वाया जायला नकोत. पानाबांग हसले नाहीत. म्हणाले, "डुक्कर तर लागेलच. फक्त कोणाचं ते बदललं." तेव्हा डुक्कर मी देते आहे. माझी काळी डुकरीण, जिला मी मेयर म्हणते, कारण ती तशीच चालते. चार वर्षं पाळली आहे. तू येशील त्या दिवशी ती कापू, आणि गाव जेवेल. माझ्याशी कालपासून रस्त्यात कमी बोलतात. बोलतील हळूहळू, नाही बोलले तर तेही बरोबरच आहे.

मरिएलला सगळ्यांच्या आधी सांगितलं होतं. ती उठून बाहेर गेली. मला वाटलं सामान बांधते आहे. तासाभराने परत आली आणि म्हणाली, "डॅडना ठाऊक होतं ना?" मी म्हटलं, हो. "आणि तरी ते बोलले नाहीत." मी म्हटलं, नाही. मग ती वही काढून बसली आणि मिठाच्या गोष्टीत जिथे मी "आजोबा चांगले होते" असं सांगितलं होतं ती ओळ तिने खोडली. तिथे काय लिहिलं ते मला दाखवलं नाही.

ती पुढच्या आठवड्यात निघते. हे पत्र तिच्याजवळच देते, पोस्टावर माझा आता विश्वास नाही. काल ती आमांच्या खाचरावरच्या झऱ्यावर गेली आणि निळी बाटली काठोकाठ भरून आणली, गाळणी काढून ठेवून. म्हणाली, डॅडसाठी नेते. मलाही बरं वाटलं. पण पानाबांगांची नात मनिलाच्या विमानतळावर कामाला आहे, ती सांगते की पाणी आत नेऊ देत नाहीत, दारातच ओतून टाकायला लावतात. मरिएल तिच्याशी अर्धा तास भांडली, आपल्या भाषेत.

तेव्हा ते पाणी काही तुझ्यापर्यंत पोचायचं नाही. प्यायला तुलाच यावं लागेल. रांजण दाराशीच आहे. करवंटी मी उताणी ठेवली आहे.

तुझी
मनांग